चिंचेच्या पाण्यातली कट्यार

हवालदारांनी माझी विळी पळवली, तेव्हा त्यांच्या घरात भाड्याने येऊन मला आठवडासुद्धा झाला नव्हता.

लग्न होऊन मी नुकतीच साताऱ्याला आले होते. आमचे हे तिथल्या एका शाळेत मास्तर होते आणि त्यांनी घाईत दोन खोल्या बघून ठेवल्या होत्या. पुढच्या बाजूला घरमालक, मागच्या दोन खोल्यांत आम्ही, आणि माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर परडं. परड्यात चिंचेचं झाड, झाडाखाली दगडी डोण, आणि डोणीपाशी पोतं अंथरून बसलेले हवालदार, हे दृश्य पुढे मी कितीतरी वर्षं पाहिलं. पण त्या सकाळी खिडकीतून पाहते तो माझ्या आईने दिलेली नवीकोरी विळी त्यांच्या मांडीवर, आणि हा परका माणूस तिच्या पात्यावर अंगठ्याने पिवळं काहीतरी थापतोय.

"अहो, ती माझी विळी आहे!" मी खिडकीतूनच ओरडले.

"व्हय, ठाव हाय," वर न बघता ते म्हणाले. "लय उघडी हाय बिचारी. हिला कापडं घालतोय."

विळी संध्याकाळी परत आली. जिच्या पात्यात माझं तोंड दिसायचं ती आता राखी, निळसर, ढगाळ झाली होती. पिवळं म्हणजे वाटलेली मोहरी होती, आणि अंगठ्याचे ठसे माशाच्या खवल्यांसारखे पात्यावर उमटले होते. मी चक्क रडले. आमचे हे तक्रार करायला म्हणून तणतणत पुढच्या घरात गेले आणि बऱ्याच वेळाने परत आले, ते पेन्सिली तासायचा आपला चाकू तिकडेच ठेवून.

"उद्या देतो म्हणाले," हे जरा ओशाळून म्हणाले. "माणूस काही वाईट नाही गं. आणि त्यांचं म्हणणं तसं पटण्यासारखं आहे."

म्हणणं असं, की पोलादाला कधीतरी गंज चढणारच. तो आपल्या मनाने चढला तर पातं खातो, आणि आपण आपल्या हाताने, वेळ बघून, आंबट चारून चढवला तर तोच पात्याला राखतो. ते मला पुढे पावसाळ्यात पटलं. शेजारणींच्या विळ्या तांबड्या झाल्या, माझी होती तशी राहिली. तोवर मात्र मी हवालदारांशी अबोला धरला होता आणि त्यांच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

उंच, वाळका माणूस. धोतर, त्यावर पलटणीतला खाकी कोट, डोक्याला पटका. पलटणीत ते हत्यारांच्या कोठीवर होते. पेन्शन घेऊन घरी आल्यावरही हत्यारांचा नाद गेला नाही, फक्त बंदुकांच्या जागी विळ्या, कोयते, सुऱ्या आणि अडकित्ते आले. त्यांच्या दोन्ही अंगठ्यांची नखं कायम काळी असत. काकी, म्हणजे त्यांच्या पत्नी, जेवायला वाढण्याआधी त्यांचे हात उलटेपालटे करून बघत आणि मगच ताट पुढे सरकवत. कुठलंही पातं हातात आलं की ते आधी त्याचा वास घेत. मग जिभेचा अगदी शेंडा टेकवत. मग डोळे मिटून म्हणत, "हं. लिंबू लागंल हिला," किंवा "हिला चिंच. लिंबानं ही रुसंल." वैद्य नाडी बघतो तसा सगळा प्रकार.

त्यांची पद्धत मी पुढे इतक्या वेळा पाहिली की आजही करून दाखवेन. पातं आधी राखेने आणि धुण्याच्या सोड्याने घासायचं. तेलाचं बोट लागलेलं असलं तर तिथे रंग धरत नाही. मग धारेवर मेण लावायचं, म्हणजे आंबट धारेला खात नाही. मग चिंचेचा कोळ कोमट करून त्यात पातं बुडवायचं, काढायचं, बघायचं, पुन्हा बुडवायचं. खोल रंग हवा असला तर तेजाब, म्हणजे सोनं गाळायचं जळजळीत ॲसिड. मग सोड्याच्या पाण्यात धुऊन तेल. पण हवालदारांचं समाधान इथे होत नसे. "नुस्तं काळं म्हंजी बूटपॉलिश," असं ते तुच्छतेने म्हणत. पातं वापरलेलं दिसलं पाहिजे. त्यासाठी त्यांच्याकडे रॉकेलचा एक रिकामा डबा होता. त्यात माहुलीच्या संगमावरून आणलेले गुळगुळीत गोटे, थोडं तेल, आणि मधे चिंधीत मूठ गुंडाळलेलं पातं. डबा आडवा घालून खुर्चीवर बसायचं आणि एका पायाने तो पुढेमागे लोळवत राहायचं. खडाड खड, खडाड खड. दुपारची झोप नावाची गोष्ट आमच्या आळीतून हद्दपार झाली होती. नवा पाहुणा विचारी, इथे खडी फोडतात की काय?

तेजाब आणून देत ते विट्याचे अण्णा. हे हवालदारांचे जुने दोस्त. विट्याकडची माणसं सोनं गाळण्याच्या धंद्यात सगळ्या मुलखात पसरलेली, तसे अण्णा कानपूरला होते. सुट्टीवर गावी आले की वाट वाकडी करून साताऱ्याला यायचे आणि भुशात पुरलेली एक बाटली तान्ह्या मुलासारखी दोन्ही हातांत धरून द्यायचे.

"गड्या, आमी ह्या तेजाबानं सोनं उजळतो," ते म्हणत. "आन तू लोखंड काळं करतोस. माझ्या धंद्याची उलटी वरात काढलीस तू."

"तुज्या सोन्याला समदी बघत्यात," हवालदार म्हणत. "माझ्या पात्याकडं कुणी बघू नये म्हणून तर करतोय."

बाटली आली की घरातल्या सगळ्यांना, मलासुद्धा, अंगणात उभं करून एक वाक्य म्हणायला लावत: "पाण्यात तेजाब घालायचं, तेजाबात पाणी न्हाई." काकी ते देवाच्या आरतीच्या चालीवर म्हणायच्या.

एकदा तांदूळ निवडता निवडता मी काकींना विचारलं, की हवालदारांना चकाकणाऱ्या गोष्टीचं एवढं वावडं का?

काकींचा हात थांबला. "पयल्या लढाईत बसऱ्याकडं हुते," त्या म्हणाल्या. "शेजारच्या गावचा एक गडी हुता यांच्या संगं. लय टापटिपीचा. संगीन अशी घासायचा, की सायेब त्याची संगीन दुसऱ्यांना दाखवायचा. एक दिवस ऊन पडलं तिच्यावर, आन चमक बघून पलीकडनं गोळी आली. यांच्या खांद्याला खांदा लावून बसला हुता तो." त्यांनी सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. "यांनी घरी आल्यावर पयलं काय केलं ठाव हाय? माजा आरसा भिताडाकडं फिरवून ठेवला."

त्या दिवसापासून माझा अबोला संपला. दुसऱ्याच दिवशी मी होती ती सगळी हत्यारं, खवणीसुद्धा, परड्यात नेऊन ठेवली. हवालदारांनी एकेक उचलून बघितलं. खवणीचा वास घेतला आणि म्हणाले, "मास्तरीणबाई, हिला खोबऱ्याचं तेल आपसूक मिळतंय. हिला कशाला तरास द्यायचा?"

त्यांच्यात एक दोष होता. त्यांना खोटं सहन होत नसे, आणि त्यातही हत्यारांविषयीचं खोटं तर मुळीच नाही. दुसरी लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. हवालदारांनी एक कट्यार केली. कशासाठी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. जुन्या बाजारात एक मूठ मिळाली होती, तिला साजेसं नवं पातं लोहाराकडून घडवून घेतलं, आणि मग त्या पात्यापायी सबंध उन्हाळा घालवला. त्यांची मुलगी तारा तेव्हा मोठी झाली होती. धारेला मेण लावायचं काम तिचं. बापाच्या खालोखाल हात तिचाच चालायचा. कोळ करायला चिंच मी भिजवत असे. एकदा ताराने कोळातून पातं बाहेर काढलं तर मुठीजवळ चिंचेचं एक डहाळं चिकटून बसलेलं. वाऱ्याने पडलं असावं. ते सोलून काढलं तर त्याखाली पातं पांढरं राहिलेलं, बारीक बारीक पानांच्या जोड्या जशाच्या तशा उमटलेल्या. हवालदार आधी ताराच्या अंगावर ओरडले. मग पातं उन्हात धरून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे. आपुन काढली असती तर आली नसती अशी."

पाचगणीचा एक दुकानदार अधूनमधून यायचा. दुकानात मांडायला म्हणून त्याने काही सुऱ्या आणि ही कट्यार नेली. पुढे कुणीतरी हवालदारांना सांगितलं, की तो माणूस त्या वस्तू किल्ल्यावर सापडलेल्या म्हणून गोऱ्या लोकांना विकतो. झालं. हवालदारांनी पटका बांधला, आमच्या ह्यांना इंग्रजीसाठी बरोबर घेतलं आणि सर्व्हिस मोटारीने पाचगणी गाठली. पुढचं ह्यांच्या तोंडून ऐकलेलं. दुकानात एक मडमीण सुरी हातात घेऊन उभी होती. ह्यांनी तोंड उघडायच्या आत हवालदार खाडकन पाय जोडून तिच्यापुढे उभे राहिले आणि पलटणीतल्या इंग्रजीत गरजले, "मेमसाब! नो ओल्ड! धिस न्यू! मी मेक! इमली, इमली!" आणि इमली म्हणजे काय ते कळावं म्हणून खिशातली चिंच काढून तिच्या हातावर ठेवली. मडमीण घाबरून बाहेर पळाली. दुकानदाराने दोघांनाही हात धरून पायऱ्या उतरवल्या. सुऱ्या परत मिळाल्या. कट्यार मात्र आधीच विकली गेली होती. कुणाला, ते दुकानदाराने सांगितलं नाही.

"कुनाला तरी फसवलं माझ्या हातानं," हवालदार पुढे किती दिवस म्हणत राहिले. जेवताना मधेच हात थांबायचा. काकी म्हणायच्या, आवं, तुमी कुठं फसवलंत? ते म्हणायचे, "काम माजं हाय न्हवं."

लढाई संपली त्याच्या पुढच्या वर्षी ताराचं लग्न ठरलं. कऱ्हाडकडचं घर. कृष्णाकाठी उसाची जमीन, माणसांचं मोठं खटलं, मुलगा शिकलेला. मुलाचे वडील गावचे पाटील. भारदस्त माणूस, शब्द मोजून बोलणारा. स्थळ हवालदारांच्या मानाने खूपच वरचं होतं आणि ते सांगून आलं होतं, म्हणून काकींच्या जिवाला रात्रंदिवस धाकधूक. "यांनी काय बोलून बसू नये म्हंजी झालं," एवढंच त्या देवाकडे मागत.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी वऱ्हाड आलं. मांडवात पानसुपारी झाली, आणि पाटलांनी मुलाला खूण केली. मुलाने मखमलीत गुंडाळलेलं काहीतरी पुढे केलं.

"आमच्या घराण्याची कट्यार," पाटील म्हणाले. "माझ्या खापरपणजानं लढाईत वापरलेली. आमच्याकडं नवरदेव हीच धरतो उद्या हातात."

मखमल सुटली. मी बायकांमध्ये, दाराशी उभी होते. वऱ्हाडी एकेक करून कट्यार हातात घेत होते, कपाळाला लावत होते, पुढे देत होते. माझ्या समोरून ती गेली तेव्हा मुठीजवळ मला पांढरी, बारीक पानं दिसली.

काकींनीही पाहिलं असावं, कारण माझ्या मनगटावर त्यांची पकड एकदम आवळली. आम्ही दोघी एकमेकींकडे न बघता उभ्या राहिलो. कट्यार एकेका हातातून पुढे सरकत शेवटी हवालदारांपाशी पोचली.

त्यांनी आधी वास घेतला. मग जिभेचा शेंडा टेकवला. वऱ्हाडातली पोरं हसली. मग त्यांनी पातं उन्हाकडे फिरवलं आणि त्यांच्या गळ्याची शीर उभी राहिली. पाचगणीच्या दुकानात हवालदार असेच दिसले असणार, असं माझ्या मनात आलं.

"व्याही," ते म्हणाले. सगळा मांडव ऐकत होता. "ही..."

पाटलांनी मान वर केली. त्या क्षणी मी पाटलांचा चेहरा पाहिला. एवढा मोठा माणूस, पण डोळे असे झाले होते, जसे परीक्षेत नापास झालेल्या मुलाचे होतात. हवालदारांनीही ते पाहिलं.

"ही कोरडी पडलीया," ते म्हणाले. "हिला तेल पायजे. उद्या शेंड्याला लिंबू टोचलं तर आंबट धरंल. चला, तुमी आन मी परड्यात जाऊ. दुसऱ्या कुनाचं काम न्हाई ते."

मी जवळजवळ धावतच माझ्या स्वयंपाकघरात आले. खिडकी उघडीच होती.

दोघे डोणीपाशी उभे होते, नव्या फेट्यांत. हवालदार म्हणाले, "पाटील, पाचगणीला घेतली न्हवं?"

पाटलांनी आधी मांडवाकडे पाहिलं. मग म्हणाले, "तुमाला कसं कळलं?"

"माझ्या हातची हाय."

पाटील तिथेच डोणीच्या काठावर बसले. "आता काय करता?" त्यांनी विचारलं. "मांडवात सांगता?"

"खरी कुठं हाय?"

"भाऊ घिऊन गेला," पाटील म्हणाले. "धाकटा. वाटणीवरनं बोलाचाली झाली. मीच त्याला म्हणलं, ह्या घरातलं तुझं काय बी न्हाई, चालता हो. त्यानं देव्हाऱ्यातली कट्यार उचलली आन गेला. पोरगं माझं तवा रांगत हुतं. गावात मी सांगितलं, भाऊ नोकरीला गेला, कट्यार पेटीत हाय. आता पोराच्या लग्नात पेटीतनं काढायची म्हणल्यावर काय काढू? पाचगणीला ही दिसली. थेट तशीच. मला वाटलं देवानंच..." 

हवालदार काही वेळ त्यांच्याकडे आणि काही वेळ कट्यारीकडे बघत राहिले. मला वाटलं, आता हवालदार सरळ मांडवात जाणार. त्यांना दुसरं काही येतच नव्हतं.

"खोटं मी बोलणार न्हाई," ते शेवटी म्हणाले. "कुनी इचारलं तर माझ्यानं खोटं बोलवत न्हाई. पण न इचारता सांगितलंच पायजे असं बी काय न्हाई." मग कट्यार पाटलांच्या नाकासमोर धरून एकदम चिडून म्हणाले, "पण ही बघा! हितं अंगठा येतो. चार पिढ्यांनी धरली आसती तर हितं घासून पांढरी न्हाई का झाली आसती? समदीकडं सारखीच काळी! मी आळस केला. जाणता माणूस एका नजरंत वळखंल. झाकायचंच हाय, तर नीट झाकू. फेटा काढा."

मग जे झालं ते मी कधी विसरणार नाही. मुलाचा बाप आणि मुलीचा बाप, दोघे फेटे काढून पोत्यावर बसले. हवालदारांनी पाटलांच्या अंगठ्याला विटकरीची पूड लावली आणि स्वतःच्या हाताने तो पात्यावर ठेवला. "तुमीच घासा. तुमच्या घरातला अंगठा लागू दे." पाटील घासत राहिले. आधी नुसते घासत होते, मग हळूहळू बोलायला लागले. भाऊ लहानपणी कसा होता, कृष्णेत पोहायला आपणच त्याला कसं शिकवलं, तापात त्याला खांद्यावर घालून कऱ्हाडला कसं नेलं. हवालदार "हं, हं" करत होते आणि मधेच "जरा खाली घ्या" म्हणत होते. शेवटी त्यांनी डबा काढला. दुपारभर आमच्या परड्यातून खडाड खड ऐकू येत राहिलं आणि मांडवातले वऱ्हाडी एकमेकांना विचारत राहिले, की व्याही-व्याही गेले कुठे?

दुसऱ्या दिवशी नवरदेवाच्या हातात कट्यार होती, शेंड्याला लिंबू. पंगतीत आमच्याच आळीतल्या एका निवृत्त सुभेदारांनी हवालदारांना हटकून विचारलं, "काय हवालदार, तुमी जाणकार. किती जुनी असंल ही?"

काकींच्या हातातलं तुपाचं भांडं तिरकं झालं. पाटील ताटाकडे बघत राहिले.

"माझ्या पोरीच्या संसारापेक्षा जुनी हाय," हवालदार म्हणाले.

पंगत हसली. पाटीलही हसले, आणि हसता हसता त्यांनी फेट्याच्या शेवाने डोळे पुसले. लग्नात बापाला रडू यायचंच, पण ते मुलीच्या बापाला. मुलाच्या बापाला आलेलं पाहून बायकांना फार कौतुक वाटलं.

तारा पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा मला म्हणाली, "वहिनी, अंतरपाट बाजूला झाला, तवा समद्यांना वाटलं मी नवऱ्याकडं बघितलं. मी कट्यारीकडं बघितलं. आपलं पान हुतं त्याच्यावर. मला वाटलं, आमच्या आबांनीच दिलीया." नवऱ्याला तिने काहीच सांगितलं नव्हतं. आबा सांगत नाहीत त्या अर्थी सांगायचं नसेल, एवढंच तिने धरलं होतं.

पुढच्या काळात दोघा व्याह्यांची दोस्ती अशी जमली की लोक नवल करीत. पाटील कोर्टकचेरीच्या कामाला साताऱ्याला आले की काम अर्ध्या तासात उरकत आणि उरलेला दिवस परड्यात पोत्यावर काढत. शब्द मोजून बोलणारा तो माणूस तिथे मोकळा होई. हवालदारही कऱ्हाडकडे जात. मुलीला सारखं भेटायला जाणं बरं दिसत नाही, असं काकी म्हणायच्या, तर ते म्हणायचे, "पोरीला कोण भेटतंय? त्यांच्या कोयत्यांची हयगय झालीया, ती बघून येतो." ऊसतोडीचे त्या गावातले सगळे कोयते दोन हंगामांत काळे झाले.

हवालदार गेले ते थंडीच्या दिवसांत, फार त्रास न होता. सकाळी छातीत दुखतं म्हणाले, डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं. पोत्यावर चिंचेच्या कोळाचं भांडं तसंच होतं. त्यातलं पातं कुणाच्या लक्षात आलं नाही. ते मी काढलं, सोड्याच्या पाण्यात धुतलं, तेल लावलं. कुणाचं होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

दहाव्याला माहुलीच्या घाटावर खूप माणसं जमली होती. पलटणीतले जुने लोक, आळीतले, कऱ्हाडकडचे. विट्याचे अण्णा सुट्टीवर आले होते, तेही होते. विधी आटोपले तशी एकेकजण उठून चार शब्द बोलायला लागला. कुणी लढाईतलं सांगितलं, कुणी त्यांच्या शिस्तीचं. मग पाटील उभे राहिले.

"आमच्या घराण्याची म्हणून कट्यार तुमी लग्नात बघितलीत," ते म्हणाले. "ती आमच्या घराण्याची न्हवं. ती ह्या माणसानं चिंचंच्या पाण्यात बुडवून केलेली. मला आयत्या वक्ताला त्यांनी उघडं पाडलं आसतं तर पाडता आलं आसतं. त्यांनी न्हाई पाडलं. माझ्या हातानं घासून घेतली माझ्याकडनं."

कऱ्हाडकडची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. ताराचा नवरा वडिलांकडे असा बघत होता, जसा त्यांना पहिल्यांदाच पाहतोय.

"खरी माझ्या भावानं नेली," पाटील म्हणाले. "नेली म्हंजी मीच त्याला घालवला. नोकरीला गेला म्हणून सांगत आलो, ते खोटं." मग ते वळले आणि गर्दीत अण्णांना शोधून म्हणाले, "आवं अण्णा, तुमची माणसं समद्या मुलखात हायत. दिल्ली म्हणू नका, कलकत्ता म्हणू नका. कुठं एखादा कऱ्हाडकडचा एकटा माणूस दिसला तर इचारा. त्याला म्हणावं, कट्यार नको. तू ये."

अण्णा उठून उभे राहिले. "नाव काय म्हणायचं त्यांचं?"

पाटलांनी तोंड उघडलं.  इतक्या वर्षांत त्या घरात ते नाव कुणी काढलेलं नव्हतं. नदीवरून वारा येत होता. काकी माझ्या शेजारी बसल्या होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला. मग पाटील म्हणाले, "यशवंत." पुन्हा एकदा, जरा मोठ्याने, जणू पलीकडच्या काठावर कुणी ऐकतंय, "यशवंता."

त्यानंतरच्या दिवाळीला तारा माहेरी आली. मी करंज्या तळत होते. ती माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसली आणि म्हणाली, "वहिनी, धाकटे मामंजी आले."

मी झारा खाली ठेवला.

"झाशीकडं हुते म्हणं. कुण्या विट्याच्या माणसाच्या दुकानातच, भट्टीवर. एक दिस दुपारी दारात उभे. केस समदे पांढरे, हातात पत्र्याची पेटी. मी वळखलंच न्हाई. मामंजी पुढल्या सोप्यात बसले हुते. त्यांनी बघितलं, उठले, आन म्हणाले, जेवलास का?"

"मग?"

"न्हाई म्हणाले. मग मी पान मांडलं. दोघं एका ताटात जेवले."

"आणि कट्यार?" मी विचारलं. "ती आणली का त्यांनी?"

ताराने ताटातली एक करंजी उचलली. मग हसली, अगदी हवालदारांसारखं, ओठ न उघडता.

"वहिनी, खरं सांगू? कुणी इचारलंच न्हाई."